लढाईवरून घरी आलेल्या गाड्या

युद्ध संपले की माणसांना घरी जाण्याची घाई होते. बोटी भरभरून सैनिक परततात, धक्क्यावर बायकामुले उभी असतात, वर्तमानपत्रांतून छायाचित्रे झळकतात. पण त्या माणसांच्या बरोबरीने लढाईत राबलेली, त्यांचे अन्न, पाणी, दारूगोळा आणि कित्येकदा त्यांची प्रेतेही वाहून नेणारी जी लाखो चाके, त्यांचे पुढे काय होते? मी शाळेत इतिहास शिकवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात हिटलर असतो, हिरोशिमा असते, तहाच्या तारखा असतात. ट्रक मात्र नसतो. वास्तविक त्या युद्धाचा निम्मा निकाल ट्रकांनी लावला असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आकडेच पाहा ना. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने बांधलेले अडीच टनी, सहाही चाकांना जोर असलेले ट्रक साडेपाच लाखांच्या वर गेले. विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून जवळजवळ साडेसहा लाख जीपगाड्या बाहेर काढल्या. कॅनडासारख्या विरळ वस्तीच्या देशाने चार लाखांहून अधिक लष्करी ट्रक जुळवले. स्टुडबेकरचे सुमारे दोन लाख ट्रक झाले, त्यांतले बहुतेक रशियाला गेले. त्यांतले कित्येक इराणात जुळवून तेथूनच उत्तरेकडे हाकले गेले. रशियन सैनिकांच्या तोंडी ‘स्टुडर’ हा शब्द इतका बसला की तो जणू त्यांच्याच भाषेतला वाटावा. आपल्याकडे ‘मोटार’ हा शब्द नाही का घरचा झाला?

यांतली जीप सर्वांच्या ओळखीची. पण तिच्या जन्माची गोष्ट तितकी ओळखीची नाही. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने एका हलक्या, चारी चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी केली आणि नमुना आणून देण्यास अवघे ४९ दिवस दिले. बटलर गावची बँटम नावाची एक लहानशी, डबघाईला आलेली कंपनी पुढे सरसावली. कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअराने नकाशे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला जेमतेम अर्धा तास असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. गाडी पसंत पडली. मात्र एवढ्या लाखांनी गाड्या बांधण्याची ऐपत बँटमची नव्हती. नकाशे विलीज आणि फोर्ड यांच्या हाती गेले आणि बँटमच्या वाट्याला तीन हजारांच्या आतल्याच गाड्या आल्या. कल्पना एकाची आणि कारखाना दुसऱ्याचा, हे जगाच्या रीतीला धरूनच झाले म्हणायचे.

पण आज ऐंशी वर्षांनंतर एखादा गृहस्थ आपल्या घरच्या पडवीत अशी गाडी उभी करून, चार पाने आणि एक हातोडा घेऊन तिच्याशी झुंज घेऊ शकतो, त्याचे मूळ या लाखांच्या आकड्यात आहे. लढाईत गाडी बिघडणार हे ठरलेलेच. मागे कुशल मिस्त्री असेलच असे नाही. म्हणून विलीजच्या गाडीचा भाग फोर्डच्या गाडीला बसलाच पाहिजे, आणि तो काल शेतावरून उचलून आणलेल्या पोराला बसवता आलाच पाहिजे, हा दंडक. जीपचे इंजिन चार सिलिंडरचे, साधारण सव्वादोन लिटरचे, साठ अश्वशक्तीचे. टोपण उचलले की सारे काही समोर दिसते. पुढचे दिवेसुद्धा एक कानाची चकती सैल करून उलटे फिरवता येतात, म्हणजे रात्री दुरुस्ती करताना त्यांचाच उजेड इंजिनावर पडतो. ज्याने ही युक्ती योजली तो कधी तरी अंधारात नट शोधत बसला असला पाहिजे.

आणि या गाड्यांबरोबर आलेली पुस्तके! जीपचे १९४४ सालचे लष्करी पुस्तक आजही पुन्हा छापले जाते, आणि जगभरातले हौशी लोक ते पोथीसारखे उशाशी ठेवतात. मी त्याची एक प्रत पाहिली आहे. शिक्षक म्हणून सांगतो, पाठ्यपुस्तक कसे लिहावे याचा तो नमुना आहे. एका वाक्यात एकच क्रिया. आधी काय सोडायचे, मग काय काढायचे, आणि काढलेले कशावर ठेवायचे. आकृतीत प्रत्येक भागाला बाण आणि नाव. ड्रायव्हरने स्वतः काय करावे आणि कशाला हात लावू नये, यांची प्रकरणे निरनिराळी. इतकेही करून जी पोरे वाचणार नाहीत, त्यांच्यासाठी विल आइस्नर नावाच्या चित्रकाराने लष्कराच्या मासिकात ‘जो डोप’ नावाचा एक वेंधळा सैनिक उभा केला. तो तेल घालायला विसरायचा, गाडीचे वाटोळे करायचा, आणि वाचणारे हसता हसता शिकायचे. आमच्या शिक्षण खात्याला आजवर असा एकही जो डोप सापडलेला नाही. असो.

या गाड्या चालवल्या कोणी, तेही सांगितले पाहिजे. १९४४ च्या उन्हाळ्यात दोस्तांचे सैन्य फ्रान्समध्ये इतके वेगाने पुढे गेले की त्याच्यामागे पेट्रोल आणि दारूगोळा पोचेना. रेल्वे बाँबफेकीने उखडलेली. तेव्हा २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत, रात्रंदिवस, एका मार्गाने जायचे आणि दुसऱ्या मार्गाने यायचे, अशी ट्रकांची अखंड माळ फिरत राहिली. ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ हे तिचे नाव. ऐन भरात एका दिवशी सहा हजारांच्या आसपास गाड्यांनी बारा हजार टनांवर माल वाहिला. अडीच टनी ट्रकांवर पाच पाच टन लादले. वेगावर बंधन घालण्यासाठी इंजिनाला जोडलेला गव्हर्नर ड्रायव्हर लोक गुपचूप निकामी करून टाकत. या ड्रायव्हरांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश काळे अमेरिकन होते. त्या काळच्या त्यांच्या सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या, खानावळी वेगळ्या. बंदूक हाती देताना वरिष्ठ कचरत, पण पेट्रोलचे डबे लादलेला ट्रक आगीतून हाकायला मात्र तीच माणसे चालत.

आपल्या दाराशीही तसेच घडले. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत सुमारे सतराशे किलोमीटरची वाट. तिच्यातला लेडोकडचा भाग डोंगर आणि जंगल फोडून नव्याने काढला. १२ जानेवारी १९४५ रोजी ११३ गाड्यांचा पहिला तांडा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. त्या रस्त्यापायी अकराशेहून अधिक अमेरिकन मेले, आणि तेथे राबणाऱ्या अमेरिकन पलटणींतही बहुसंख्य काळेच होते. त्यांच्याबरोबर हजारो हिंदी आणि ब्रह्मी मजूर होते. युद्ध सुरू झाले तेव्हा दोन लाखांच्या आसपास असलेले हिंदी सैन्य संपेपर्यंत पंचवीस लाखांवर गेले होते. त्यांतल्या कितीतरी पोरांनी घरी बैलांच्या शेपटीखेरीज काही पिरगाळले नव्हते. ती लष्करात गिअर बदलायला शिकली, आणि सुटून आल्यावर महाराष्ट्रातल्या घाटांतून लॉऱ्या हाकू लागली. पूर्वी ‘मिलिटरीतला ड्रायव्हर’ म्हटले की गावात त्याचा एक वेगळा दरारा असे, तो यातूनच आला.

मग ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले, आणि या सगळ्या लोखंडाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. परत न्यावे तर बोटीचे भाडे गाडीच्या किमतीहून जड. शिवाय लाखो जुन्या गाड्या एकदम बाजारात आल्या तर नव्या घेणार कोण, ही कारखानदारांना काळजी. काही ठिकाणी यातून जे झाले ते वाचून आजही पोटात कालवते. पॅसिफिक महासागरात एस्पिरितु सांतो नावाचे बेट आहे. तेव्हा तेथे इंग्रज आणि फ्रेंच यांचे सामाईक राज्य होते, आज तो वानुआतू देशाचा भाग आहे. अमेरिकनांनी आपला सारा पसारा रुपयाला एक-दीड आणा असा मातीमोल किमतीत तिथल्या सरकारला देऊ केला. हे लोक टाकूनच जाणार आहेत, मग पैसे कशाला मोजा, असा हिशेब करून ते सरकार गप्प बसले. अमेरिकनांनी काय करावे? समुद्रात उतरणारा एक उतार बांधला आणि जीप, ट्रक, बुलडोझर, क्रेन, एकामागून एक पाण्यात ढकलून दिले. त्या जागेला आज ‘मिलियन डॉलर पॉइंट’ म्हणतात. पाणबुडे तेथे बुडी मारून ते ढीग पाहून येतात. भाजीबाजारात संध्याकाळी उरलेली मेथी गाईला टाकतील पण पडत्या भावाने देणार नाहीत, अशी माणसे आपण पाहिली आहेत; पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही एकाच वेळी इतके अडून बसल्याचे उदाहरण विरळा.

हिंदुस्थानात मात्र इतकी नासाडी परवडणारी नव्हती. येथे शिल्लक लष्करी मालाची विल्हेवाट लावण्यासाठी सरकारचे ‘डिस्पोजल’ खाते होते. पुढे ते पुरवठा खात्याला जोडले गेले आणि २०१७ पर्यंत ते जोडखाते चालू होते. बोलीभाषेत ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दच रूढ झाला. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची ताडपत्री, डिस्पोजलचा ट्रक. लिलावात घेतलेल्या ट्रकाचा लष्करी हौदा काढायचा, सुताराकडून सागवानी साटा बसवायचा, कपाळावर ‘श्री गजानन प्रसन्न’ रंगवायचे, की झाली मालवाहू लॉरी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली. तोवर आणि त्यानंतरही आडमार्गांची भिस्त अशाच खासगी गाड्यांवर होती. युद्धातून उरले ते केवळ लोखंडच नव्हे. कल्याणजवळची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाली आणि १९४९ मध्ये तिचे नाव उल्हासनगर झाले. सैनिकांच्या बराकीत लोकांनी चुली मांडल्या, पापड लाटले, दुकाने घातली. बराकीचे घर झाले, ट्रकाचे पोट भरण्याचे साधन झाले. लढाईचा माल प्रपंचाला लागला.

फिलिपाइन्समध्ये लोकांनी मागे राहिलेल्या जीपा लांबवल्या, त्यांवर छपरे चढवली, बाजूला बाके टाकली आणि रंगीबेरंगी ‘जीपनी’ तयार केल्या. त्यांवर मनिलाचे सारे शहर पुढली कित्येक दशके कामाला गेले. आपल्याकडच्या वडापाची ही मोठी बहीणच. इंग्लंडात गोष्ट आणखी गमतीची घडली. रोव्हर मोटार कंपनीचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांचे वेल्सच्या अँगलसी बेटावर शेत होते. शेतकामाला त्यांनी एक जुनी लष्करी जीप वापरली. ती मोडली की दुसरी काय घ्यायची, हा विचार करता करता आपणच तशी गाडी बांधावी असे त्यांच्या मनाने घेतले. पहिला नमुना त्यांनी जीपच्याच सांगाड्यावर उभा केला. पोलादाला रेशन, म्हणून अंगाला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू. आणि रंग विमानांसाठी आणलेला शिल्लक हिरवा. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ‘लँडरोव्हर’ जगापुढे आली. आमच्या मुंबईतही माझगावला महिंद्रांनी १९४९ मध्ये विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातल्या माणसाला सरकार म्हणजे काय ते कळले ते जीपच्या धुरळ्यावरून. बी.डी.ओ. साहेबांची जीप गावात शिरली की शाळेत आधी फळा पुसला जाई.

हे सारे झाले वापराचे. पण उतारवयात गाडीला दुसरेच भाग्य येते. वापरून, पिळून, शेवटी कुठल्याशा गोठ्यामागे बाभळीच्या झुडपात टाकलेल्या गाडीला कोणीतरी शोधून काढतो आणि ती पुन्हा लढाईतल्यासारखी करण्याच्या नादाला लागतो. इंग्लंडात अशा लोकांची संघटना १९६८ पासून आहे, अमेरिकेत १९७६ पासून. १९१९ मध्ये अमेरिकन लष्कराचा एक तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत चिखल तुडवत ६२ दिवसांत गेला होता. त्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर तरुण अधिकारी म्हणून होते. २००९ मध्ये या हौशी मंडळींनी आपल्या घरी दुरुस्त केलेल्या लष्करी गाड्या घेऊन तोच प्रवास पुन्हा केला.

आपल्याकडेही ही माणसे आहेत. आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक मिस्त्री आहेत. सारे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात. त्यांच्या अंगणात एका बाजूला तुळशीवृंदावन आणि दुसऱ्या बाजूला चार विटांवर चढवलेली जीपची चासी. काकू म्हणतात, “आमच्याकडे दिवाळीला रांगोळीच्या आधी ऑइलचे डाग पुसावे लागतात.” पण चहाचा कप मात्र वेळेवर चासीवर येऊन पोचतो.

गाडी भंगारातून आणली तेव्हा ती विलीज की फोर्ड हेच आधी ठरवायचे होते. काकांनी मला बोलावले आणि पुढच्या बंपरमागची आडवी दांडी दाखवली. “गुरुजी, ही गोल नळी असती तर विलीज. ही उलट्या पन्हळीसारखी चौकोनी आहे; म्हणजे फोर्ड.” मग घासकागदाने एका बोल्टाचे डोके घासले. गंजाखालून लपेटदार ‘एफ’ अक्षर उमटले. फोर्डने आपल्या बारीकसारीक भागांवरही हे अक्षर ठोकले होते, ते विलीजच्या भागाची जबाबदारी आपल्या गळ्यात पडू नये म्हणून, असे जाणकार सांगतात. ऐंशी वर्षांपूर्वीचा हा सावधपणा आज गाडीची जात ठरवायला उपयोगी पडतो.

अशा कामात पहिला गुण लागतो तो दमाचा. अडकलेले इंजिन जोर लावून फिरवले की पिस्टनची दांडी वाकलीच. स्पार्क प्लग काढून भोकांतून रॉकेल आणि तेल सोडायचे आणि गप्प बसायचे. दोन दिवस, आठ दिवस, कधी महिना. रोज सकाळी हँडल घालून जरासे हलवून पाहायचे. ज्या दिवशी ते केसभर हलते तो दिवस सणाचा. पेट्रोलची टाकी या गाडीत ड्रायव्हरच्या बैठकीखालीच असते. तिच्यातला गंज काढायला खडी घालून ती खळाखळा हलवायची. आणि झाळायची वेळ आली तर आधी ती पाण्याने भरायची, कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, आणि ती भरल्या टाकीहून घातकी. वीज सहा व्होल्टची. व्होल्ट निम्मे, म्हणून तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट लागतो आणि तारा जाड लागतात. हल्लीच्या बारीक तारा जोडल्या की स्टार्टर कुंथतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला येतो. ब्रेकची नळी चारी चाकांना मिळून एकच. ती एका जागी फुटली की चारीही ब्रेक गेले. उरतो तो फक्त मागच्या फिरत्या दांड्याला आवळणारा हातब्रेक. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. तिचा भुगा पूर्वी मिस्त्री फुंकर मारून उडवत. तो छातीत गेला की काय करतो ते आता सर्वांना माहीत आहे, म्हणून काका ओल्या फडक्याने पुसतात.

सर्वांत जपायचे ते चाकाला. या गाड्यांच्या कित्येक चाकांची रिंग दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे नटांनी एकमेकांना आवळलेले असतात. दुसऱ्या नटांनी चाक गाडीला आवळलेले. हवा भरलेली असताना कोणी चुकून पहिले नट सोडले, तर अर्धी रिंग तोफेच्या गोळ्यासारखी उडते. माणसे यात गेली आहेत. म्हणून ब्रिटिश लष्कर ते नट लाल रंगाने रंगवीत असे. आता होते काय, की हौशी माणूस गाडी साफ करतो, सगळे चाक एकसारखे छान हिरवे रंगवतो, आणि ती लाल खूण त्या हिरव्याखाली जाते. गाडी सुंदर दिसते. मात्र पुढच्या माणसाला सावध करणारी एकुलती एक अक्षरे पुसली गेलेली असतात.

याहून कठोर गोष्ट पाण्यातली आहे. जनरल मोटर्सच्या त्याच अडीच टनी ट्रकाला बोटीचे अंग देऊन युद्धात ‘डक’ नावाच्या जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या गाड्या केल्या होत्या, एकवीस हजारांवर. युद्धानंतर अमेरिकेत त्यांतल्या अनेक जणांनी घेतल्या, दुरुस्त केल्या, बाके टाकली, उन्हापावसासाठी वर छत घातले आणि सहलीची माणसे तळ्यांत फिरवू लागले. १ मे १९९९ रोजी आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्जजवळ अशी एक गाडी २१ जणांना घेऊन तळ्यात उतरली. जेथून चाकाकडे जाणारा फिरता दांडा तळातून बाहेर पडतो, तेथे पाणी अडवणारी रबरी टोपी असते. तिची नीट निगा राखलेली नव्हती. पाणी आत आले आणि गाडी मागच्या बाजूने बुडाली. वरचे छत वाट अडवून बसले होते. १३ माणसे मेली, त्यांत तीन लहान मुले होती. चौकशी करणाऱ्यांनी सांगितले, छते काढा, आणि पाणी भरले तरी तरंगेल असे काही करा. ते सांगणे बहुतांशी कागदावर राहिले. १९ जुलै २०१८ रोजी मिझूरीतल्या टेबल रॉक तलावावर वादळात अशीच एक गाडी बुडाली. ३१ पैकी १७ गेले. १९४४ मध्ये ज्याने ही गाडी बांधली त्याच्यासमोर काही मैलांचा समुद्र आणि जेमतेम दोनतीन वर्षांचे आयुष्य एवढेच गणित होते. तिच्यावर आजीआजोबा आणि नातवंडे बसवली ती नंतरच्यांनी.

तेव्हा या नादातला खरा वाद असा आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची, की ती जगली तशी ठेवायची? एक पक्ष म्हणतो, प्रत्येक नट त्या सालचा हवा, रंग फिका हिरवट तोच हवा, बॉनेटवर पांढरी चांदणी हवी. दुसरा म्हणतो, मग तिच्या नंतरच्या सत्तर वर्षांचे काय? आपल्याकडच्या गाड्यांत तर फोर्डच्या चासीवर महिंद्राचा दरवाजा, पेट्रोल महागले म्हणून कोणी बसवलेले डिझेल इंजिन, कोल्हापूरच्या लेथवर कातलेला पिन, असा संसार असतो. परदेशी जाणकार नाक मुरडतात. मला विचाराल तर तो कोल्हापुरी पिन काढून टाकणे म्हणजे वंशावळीतून सुनेचे नाव खोडण्यासारखे आहे. आणि चांदणीविषयीही माझे एक सांगणे आहे. हे लोक मेळाव्याला अधिकाऱ्यांचे गणवेश घालून येतात. रेड बॉलचा शिपाई ड्रायव्हर किंवा लेडोच्या वाटेवरचा हिंदी हमाल होऊन येणारा कोणी दिसत नाही. गाडी खरी करायची आणि माणसे खोटी, हे काही मनाला पटत नाही.

सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले आहेत. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, आणि गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, शर्यत, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मात्र गाडी मुळात जशी होती तशीच असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशीही अट आहे. म्हणजे ज्या गाड्या आपल्या लोकांनी सर्वांत अधिक राबवल्या, त्याच या दारातून आत जायला अवघड.

मिस्त्रीकाकांनी हा वाद आपल्यापुरता सोडवला आहे. गाडीच्या अंगावरचा रंग घासताना थर निघत गेले. वर पांढरा, त्याखाली कुठल्याशा खात्याचा राखी, मग बटबटीत निळा, त्याखाली तांबडा रेडऑक्साइड, आणि सर्वांत खाली मळका हिरवा. त्याच्यावर पांढऱ्या आकड्यांचा अर्धवट शेपटा. बाकीची गाडी त्यांनी हिरवी केली आहे. चाकांचे नट लाल रंगवले आहेत. आणि ड्रायव्हरच्या पायाशी, आतल्या अंगाला, वीतभर पत्रा न रंगवता तसाच ठेवला आहे. पायरीपायरीने घासलेला, पाचही थर दिसतील असा. गेल्या महिन्यात माझ्या वर्गातली पोरे ती गाडी पाहायला गेली होती. एक मुलगी खाली वाकून त्या थरांवर बोट फिरवत वरून खाली मोजत होती, आणि निळा रंग कोणी दिला असेल, यावर बाकीच्यांचे भांडण जुंपले होते.